कॅमेऱ्याची सुट्टी

देशभर सुट्टी होती. कशाची, ते मास्तरांनी दोघातिघांना विचारलं, पण सुट्टी घेणाऱ्यांनाही खात्री नव्हती. दुकानं बंद, बँका बंद, आणि रस्त्यावर अख्खा देश. ज्याच्या त्याच्या गाडीत गादी, शेगडी आणि संडास. मास्तरांच्याही.

भूगोल शिकवण्यात हयात गेलेल्या मास्तरांनी परदेश पाहिला तो मुलाच्या घराच्या खिडकीतून. आठवडेच्या आठवडे तीच खिडकी पाहून कंटाळल्यावर बाईंनी, म्हणजे मास्तरांच्या मंडळींनी, ही कॅम्पर व्हॅन भाड्याने घ्यायला लावली. मुलाने नाना प्रकारे समजावलं, सून नुसतीच हसली. शेवटी मुलाने अट घातली : अंधार पडायच्या आत मुक्कामाला जागा मिळाली नाही, तर मुकाट्याने घरी यायचं आणि पुन्हा हे खूळ काढायचं नाही. बाईंनी कबूल केलं. त्यांना एकदा पाण्याकाठी दार उघडं टाकून चहा प्यायचा होता, बाकी काही नाही.

गाडीत मात्र बाईंना काम उरलं नव्हतं. रस्ता सांगायला फोनमधली बाई, मागचं दाखवायला कॅमेरा. "त्या बयेला एका शब्दाने उलट बोलत नाही तुम्ही," बाई एकदा म्हणाल्या. मास्तर म्हणाले, ती टोमणे मारत नाही.

गाड्या लावायची दोन मैदानं भरलेली निघाली. तिसरं तळ्याकाठी होतं, तिथे उन्हं कलताना एकच जागा उरली होती : एका बाजूला जाडजूड झाड, दुसऱ्या बाजूला कोणाची तरी चकचकीत नवी गाडी, आणि मागे पाणी. फाटकावरच्या बाईने साफ सांगितलं, गाडी बसली तर जागा तुमची, नाहीतर मागच्यांची. मागे एक दाढीवाला आपली गाडी घेऊन टपलेलाच होता.

मास्तरांनी रिव्हर्स टाकला. पडद्यावर निळ्या चौकड्या आल्या. मास्तरांनी पडद्यावर टिचकी मारली, चष्मा पुसला. चौकड्या जागच्या हलल्या नाहीत. भाड्याच्या कंपनीला फोन लावला, तर आज सुट्टी असल्याचं ध्वनिमुद्रित आवाजात कळलं.

"कॅमेराही सुट्टीवर गेला," मास्तर हताशपणे म्हणाले. "चला घरी."

"मी काय मेले का?" म्हणत बाई खाली उतरल्या.

मागे गेल्या, आणि त्यांना चौकड्यांचा उलगडा झाला. एवढा वारा फुकट जातोय म्हणून सकाळी मास्तरांचा निळ्या चौकड्यांचा पंचा धुऊन त्यांनी गाडीच्या मागच्या शिडीला चिमटे लावून वाळत घातला होता. तो सरकून कॅमेऱ्यावर येऊन बसला होता. बाईंनी झाडाकडे पाहिलं, नव्या गाडीकडे पाहिलं, आणि पंच्याचं टोक ओढून जरा आणखी नीट पसरलं. वर एक चिमटा लावला.

मग पदर खोचून त्यांनी गाडीच्या पाठीवर थाप मारली. "येऊ द्या!"

घराच्या बोळात जुनी मोटार लावताना वर्षानुवर्षं हेच चालायचं. बाईंची थाप पडली की मास्तरांचे हात आपोआप चालत. "येऊ द्या... येऊ द्या... तुमच्या डाव्या हाताला घ्या... डावा म्हणतेय मी, जेवणाचा नव्हे... सरळ करा... येऊ द्या..." आसपासची मंडळी खुर्च्या वळवून बसली. नव्या गाडीचा मालक आपल्या गाडीपुढे हात पसरून उभा राहिला. बाईंनी त्याला बाजूला केलं, मधे येत होता. शेवटी दोन थापा पडल्या. "बास!"

झाडापासून वीतभर, नव्या गाडीपासून वीतभर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फाटकावरच्या बाईने जागेचा क्रमांक हातात दिला. दाढीवाल्याने सलाम ठोकला आणि खुणेनेच विचारलं, कोपऱ्यात थोडी फट आहे, आपल्यालाही लावून द्याल का? बाईंनी तीही गाडी लावून दिली. त्याच्याही पाठीवर थापा मारून, त्यालाही "येऊ द्या" म्हणत. त्याला सगळं समजलं.

अंधार पडता पडता मुलाचा फोन आला. मास्तरांनी त्याला भूगोल शिकवल्यासारखं सविस्तर सांगितलं : उत्तरेला डोंगर, दक्षिणेला पाणी, मध्ये तुझी आई, चहा पीत. सून मागून म्हणाली, पुढच्या वेळी मीही येते.

दार उघडं होतं. पाणी चार पावलांवर. मास्तर कप खाली ठेवून म्हणाले, "तो कॅमेरा तेवढा दुरुस्त करून घ्यायला हवा."

बाईंनी कडकडीत वाळलेला पंचा घडी करून उशाशी ठेवला.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "सुट्टी संपली की उद्या होईल आपोआप चालू."