समोरच्या गाडीला हात

डेल्मरने कचऱ्याच्या ट्रकला हात केला तो टीटन डोंगरांच्या पायथ्याशी, आणि तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

मोटरहोमवाल्यांचा, म्हणजे चाकांवरचं घर घेऊन फिरणाऱ्यांचा, एक रिवाज आहे. समोरून दुसरं मोटरहोम आलं की स्टिअरिंगवरून हात उचलायचा. ओळख असो वा नसो, पण करायचा फक्त आपल्यातल्यांना. ट्रकना नाही, मोटारींना नाही, टपावर तंबू बांधून निघालेल्या पोरासोरांना तर मुळीच नाही. अकरा वर्षं आम्ही दर सप्टेंबरात आमची सव्वीस फुटी गाडी घेऊन नेब्रास्कातून डोंगरांकडे निघतो, आणि या बाबतीत माझा नवरा भलता कडक. समोरची गाडी भाड्याची दिसली तर हा दोनच बोटं उचलणार. आणि हाच माणूस यंदा कचऱ्याच्या ट्रकला हात करून वर हसत होता.

"अरे, कचऱ्याचा ट्रक होता तो," मी म्हणाले.

"मग? त्यांना कोणी हात करूच नये का?"

एवढा उदार हा आमच्या लग्नातही नव्हता.

मी संशयी आहे हे मला मान्य आहे. सत्तावीस वर्षं मी आमच्या गावातल्या लायसनच्या कचेरीत खिडकीमागे बसले. समोर येणारा प्रत्येक जण काही ना काही खोटं बोलायचा. पुरुष उंची दोन इंच वाढवून सांगत, बायका वजन वीस पौंडांनी उतरवत. डोळ्यांच्या तपासणीची अक्षरं पाठ करून येणारेही असत. ते लगेच सापडायचे, कारण ते डोळे बारीक करत नाहीत, घडाघडा म्हणून मोकळे होतात. आमच्या यंत्रातली शेवटची ओळ मलाच इतकी पाठ झाली होती की घरी भांडी विसळतानाही तोंडात यायची. झेड, आर, के, डी, सी, एन. लायसन बाद झालं की मी कात्रीने त्याचा कोपरा कापायचे. डेल्मर म्हणायचा, तुझ्या त्या कात्रीची मला भीती वाटते.

तर अशा बाईच्या शेजारी बसून हा माणूस काहीतरी लपवत होता.

एक म्हणजे, तो अचानक गोड झाला होता. "वर्ना, पाट्या वाच ना मोठ्याने. तुझा आवाज ऐकायला बरं वाटतं." एकेचाळीस वर्षं ज्याने माझ्या आवाजाला 'रेडिओ' म्हटलं, त्याला तो आता बरा वाटायला लागला होता! दुसरं म्हणजे, पायवाटेवर चालताना तो माझा दंड धरायचा. आम्ही एकमेकांना धरून चालणारी माणसं नव्हे. तिसरं, संध्याकाळचे पत्ते बंद. "कंटाळा आला त्या खेळाचा," म्हणाला. त्या खेळात त्याने मला हजारदा तरी हरवलं असेल आणि हजारदा ते बोलून दाखवलं असेल. आणि पूर्वी अंधार पडेपर्यंत गाडी हाकणारा माणूस आता दुपारी तीनलाच मुक्कामाला टेकायचा.

पण हे सगळं मी गिळलं असतं. मला झोंबली ती त्याची नजर. माझ्याशी बोलताना तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या कानापलीकडे, खिडकीकडे, कुठेतरी बघायचा. खिडकीमागे बसून मी एवढं तर नक्की शिकले होते. ज्याच्या पोटात काही आहे तो नजर देत नाही.

डोंगर बघतानाही तेच. जेनी सरोवराच्या काठी आम्ही खुर्च्या टाकून बसलो. समोर टीटनची अख्खी रांग उभी, आणि हा मान वळवून भलतीकडेच बघतोय.

"काय दिसतंय तुला, सांग," तो म्हणाला.

"डोंगर दिसतायत. तुला काय दिसतंय?"

"छान आहेत," तो झाडांकडे बघत म्हणाला. मन इथे नव्हतंच त्याचं.

मग ते कुठे आहे तेही कळलं. यलोस्टोनमध्ये कॅन्यन नावाच्या मुक्कामाच्या तळावर फोनला जेमतेम रेंज येते, त्यासाठी लाकडी टेबलांपर्यंत चालत जावं लागतं. मी कपडे धुवायच्या खोलीमागून येत होते आणि डेल्मर पाठमोरा उभा होता.

"हो, कोरीन. एकोणीस तारखेला नक्की येतो. नाही, बायकोला अजून सांगितलेलं नाही. घरी गेलो की सांगेन."

मी ओल्या टॉवेलांची पिशवी घेऊन तशीच उभी राहिले. कोरीन. आमच्या ओळखीत कोरीन नावाची एकही बाई नव्हती.

शेजारच्या जागेवर ओपल उतरली होती. आर्कान्साची, चौऱ्याहत्तर वर्षांची, एकटी. तीन लग्नं झालेली, त्यामुळे अनुभवाला तोटा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला कॉफी दिली आणि माझ्या तोंडाकडे बघूनच म्हणाली, "नवरा ना?"

मी सगळं सांगितलं.

"पत्ते सोडले?"

"सोडले."

"गोड बोलतो?"

"फार."

"आणि चालताना दंड धरतो म्हणतेस?" ओपलने कप खाली ठेवला. "अगं बाई, मग गेलाच तो. माझ्या दुसऱ्याने जायच्या आधी महिनाभर असंच केलं. दारं काय उघडायचा, फुलं काय आणायचा! आणि जाताना माझा बिडाचा तवा घेऊन गेला. बाईसाठी गेला त्याचं काही नाही, पण तो तवा माझ्या आईचा होता."

"मी काय करू?"

"तवा लपव," ओपल म्हणाली.

मी हसले खरी. मला तवा नको होता. मला डेल्मर हवा होता, त्याच्या घोरण्यासकट आणि पत्त्यांतल्या बढायांसकट. अडुसष्टाव्या वर्षी मी त्याच्याशिवाय कशी जगणार, हे मला अजिबात माहीत नव्हतं. मी ठरवलं, बेअरटूथ घाट उतरून रेड लॉज गावात पोहोचलो की समोर बसवून विचारायचं. घाटात विचारायचं नाही. एवढी अक्कल मला होती.

त्या दिवशी हवा स्वच्छ होती. यलोस्टोनच्या ईशान्येकडच्या फाटकातून बाहेर पडलो, कुक सिटीत पेट्रोल भरलं आणि चढायला लागलो. डेल्मर एका हिरव्या ट्रकच्या मागे चिकटून चालला होता. पुढे जायला मोकळी जागा होती तरी जाईना. "घाई काय आहे?" म्हणाला. मी पाट्या वाचत होते, पण एका एका शब्दात. वळण. चढ. वेग वीस.

"आज रेडिओ बिघडला का?" त्याने विचारलं.

"रेडिओला आता गाणं सुचत नाही," मी म्हणाले.

माथ्यावर झाडं संपली. दोन्ही बाजूंना दगड आणि जुना बर्फ. हिरवा ट्रक फोटो काढायला थांबला आणि आमच्या पुढे नुसता रस्ता उरला. तिथे डागडुजीचं काम चाललं होतं. कामगार कोणी नव्हते, कडेला फक्त त्यांच्यासाठी आणून ठेवलेला एक उंच पांढरा संडास उभा होता.

डेल्मरने स्टिअरिंगवरून हात उचलला आणि त्या संडासाला हात केला. दोन बोटांचा नव्हे, आपल्या माणसाला करतात तसा पूर्ण हात, मानेला झोका देऊन.

मला खदखदून हसू आलं. आणि मग ते थांबलं. कारण त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. त्याने खरोखरच कोणालातरी हात केला होता.

मी सत्तावीस वर्षं लोकांचे डोळे तपासले होते. कचऱ्याचा ट्रक, मोठ्याने वाचायच्या पाट्या, दंडावरचा हात, पत्ते, तीन वाजताचा मुक्काम, पुढच्या गाडीला चिकटून चालणं, सगळं एका दमात माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. दोनशे फुटांवर एक पिवळी पाटी होती.

"डेल्मर," मी जमेल तितक्या शांतपणे म्हणाले, "ती पुढची पाटी काय म्हणते?"

"तू वाच. मी गाडी चालवतोय."

"नाही. तू वाच."

मग हळू आवाजात, घडाघडा म्हणाला, "झेड, आर, के, डी, सी, एन."

पाटीवर लिहिलं होतं की पुढे तीव्र उतार आहे आणि एकामागून एक पूर्ण उलट फिरणारी वळणं आहेत.

"वेग कमी कर," मी म्हणाले. "उजवीकडे मोकळी जागा आहे. अजून. अजून थोडी. सरळ कर. थांब आता."

गाडी थांबली. त्याने ब्रेक ओढला आणि हात मांडीवर ठेवले. मी त्याच्यावर एवढी ओरडले की खालच्या दरीतही ऐकू गेलं असेल. "मी इथे कड्याच्या बाजूला बसले होते! माझं सोड. समोरून येणाऱ्या गाड्यांमध्ये कोण बसलं होतं? लेकरं होती त्यांच्यात!"

"हो," तो म्हणाला.

"आणि कोरीन कोण?"

"कोरीन?" तो गोंधळला. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे काउंटरवर असते. मला दर वेळी म्हणते, मिस्टर कुबिचेक, पायरी आहे, जपून. का?"

"मला वाटलं तू तिच्याबरोबर चाललायस."

त्यावर तो चक्क हसला. मला त्याला बदडावंसं वाटलं आणि मिठी मारावीशीही वाटली.

मग त्याने सांगितलं. दृष्टीच्या मधोमध डाग आहे. उजव्या डोळ्यात दोन वर्षांपासून, डाव्यात मार्चपासून. एकोणीसला इंजेक्शन देणार, पण गेलेलं परत येत नाही. कडेचं दिसतं. रस्त्याची पांढरी रेघ दिसते. समोरून काहीतरी मोठं, पांढरं येतंय एवढं कळतं. "म्हणून सगळ्यांनाच हात करतो," तो म्हणाला. "आपल्यातल्या कोणाचा राहायला नको."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कोपरा कापला असतास."

"कापलाच असता!"

"मग हे डोंगर? मला एकदा शेवटचं यायचं होतं. तुला घेऊन, मी चालवत. चूक केली, वर्ना. पण यायचं होतं."

"आणि आलास तर तोंड फिरवून बसलास! डोंगरांकडे बघत नाहीस, माझ्याकडे बघत नाहीस. बघ माझ्याकडे."

त्याने चेहरा माझ्याकडे वळवला आणि नेहमीसारखा माझ्या कानापलीकडे, दाराकडे बघायला लागला.

"बघतोय की," तो म्हणाला. "सरळ बघितलं की तू नाहीशी होतेस. असं जरा बाजूला बघितलं की दिसतेस."

मी रडले. रागाने रडले, आणि या महिन्यात त्याने किती वेळा माझ्या कानापलीकडे बघितलं होतं ते आठवून रडले. त्याने पाकीट काढलं, चाचपडत लायसन शोधलं आणि माझ्यापुढे धरलं. स्वयंपाकाच्या कप्प्यात कात्री होती. मी कोपरा कापला. आयुष्यात कापलेल्या कोपऱ्यांपैकी तेवढा एकच मला आठवतो.

मग आम्ही जागा बदलल्या. ही गाडी मी आजवर फक्त दुकानापुढच्या मोकळ्या आवारात चालवली होती. पहिलं उलटं वळण मी पायी चालावं तितक्या सावकाश घेतलं. मागे मोटारींची रांग लागली. लागू दे. डेल्मर शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता आणि मी त्याला सगळं सांगत होते. दरी केवढी, बर्फ कुठे, तळाशी ओढा कसा चमकतोय. रेडिओ पुन्हा चालू झाला होता.

तिसऱ्या वळणाच्या खालून एक गाडी वर येताना दिसली.

"काहीतरी पांढरं येतंय," डेल्मर पुढे वाकून म्हणाला. "आपल्यातलं आहे का?"

"आपल्यातलंच आहे. माझे हात सुटत नाहीयेत. तू कर."

त्याने काचेजवळ हात नेला आणि पूर्ण हात केला. ते मोटरहोम आमच्या अगदी जवळून गेलं. चालवणारा म्हातारा पांढराफटक पडला होता आणि त्याचे दोन्ही हात माझ्यासारखेच स्टिअरिंगला चिकटलेले होते.

"केला का त्याने?" डेल्मरने विचारलं.

"केला," मी म्हणाले. "चांगला मोठा केला."