भांगलण

श्रावण लागला की प्राचीचा पाय घरात ठरत नसे. पावसाची उघडझाप सुरू झालेली, मधूनच ऊन चटके द्यायला लागलेलं. दसऱ्याला घरचा झेंडू हवा तर हीच वेळ. डोंबिवलीत मानपाड्याला त्यांची चार मजली बिल्डिंग होती. तिच्या गच्चीवर प्राचीने मासळी बाजारातून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यांत मेथी पेरलेली, रंगाच्या रिकाम्या डब्यांत वांगी आणि शेवंती लावलेली. माती तडकू नये म्हणून वर वाळक्या पानांचा थर. शेजारची अक्षदा आणि बिल्डिंगमधल्या बाकी बायका प्राचीला विचारल्याशिवाय एक रोप लावायच्या नाहीत.

यंदा तिच्याबरोबर सासूबाई होत्या. हौसाबाईंचा जन्म खटावकडे लोकांच्या रानात रोजाने राबण्यात गेलेला. उन्हाळ्यात त्या गावातच वाट चुकल्या, तेव्हा प्राचीचा नवरा साईनाथ आईला घेऊन डोंबिवलीला आला. विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. फ्लॅटमध्ये त्या दिवसभर दाराची कडी चाचपत उभ्या राहायच्या. "जाऊ द्या मला, उशीर झाला," एवढंच म्हणायच्या.

एका सकाळी प्राची त्यांना गच्चीवर घेऊन गेली. हौसाबाईंनी मातीत बोटं घातली, चिमूटभर माती नाकाशी नेली आणि पदर खोचून खाली बसल्या. झेंडूची दाटलेली रोपं एकेक सुटी करून त्यांनी अशी सरळ रांगेत लावली, की प्राची बघतच राहिली. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. साईनाथने बहिणीला फोन लावला. "ताई, आई हसली गं आज," त्याने सांगितलं.

मग रोजचंच झालं. खुरपं हातात दिलं की हौसाबाई शांत. झेंडूला कळ्या दिसायला लागल्या. अक्षदाने तोरणासाठी आधीच फुलं मागून ठेवली.

एका दुपारी प्राची त्यांच्याजवळ अक्षदाला बसवून औषधं आणायला स्टेशनकडे गेली. अक्षदा मुलीला घ्यायला स्कूलबसपर्यंत खाली उतरली, तेवढ्यात व्हायचं ते झालं. प्राची वर आली तर एकही डबा हिरवा नव्हता. झेंडू, वांगी, शेवंती, मेथी, सगळं मुळासकट उपटून, माती झटकून, नीट जुड्या करून कठड्याशी ठेवलेलं. हौसाबाई घाम पुसत होत्या.

"झालं बगा मालकीणबाई. लई तण माजलं हुतं. समदं भांगलून काढलं."

"आई, काय केलंत हे! डोळे फुटले का तुमचे? कळ्या आलेल्या त्याला!" प्राची ओरडली. आपला आवाज तिलाच ओळखू आला नाही.

हौसाबाई अंग चोरून मागे सरकल्या. खुरपं त्यांनी जमिनीवर हळूच ठेवलं. "चुकलं असंल तर उद्यापासनं येत न्हाई. पर आज सुट्टी करू द्या. घरी पोरगं वाट बगतंय."

ते पोरगं संध्याकाळी ऑफिसातून आलं, तेव्हा त्यांनी त्याच्यासमोर डोक्यावर पदर घेतला.

साईनाथ म्हणाला, "आता नको नेऊस वर." प्राचीने आठवडाभर नेलं नाही. हौसाबाई बाथरूमच्या लाद्यांच्या फटी नखांनी कोरू लागल्या. गादीचा कापूस उपटून त्यांनी त्याच्या जुड्या बांधल्या. बोटांतून रक्त आलं, तरी हात थांबेनात. प्राचीने नर्सरीतून नवी रोपं आणली आणि त्यांना पुन्हा वर नेलं. तीही उपटली गेली. प्राचीने समजावलं, चिडून पाहिलं, हात धरून दाखवलं. रोप आणि तण यांतला फरक त्यांच्या डोक्यातून पुसला गेला होता. राहिलं होतं ते फक्त उपटणं.

शेवटी प्राचीने रोपं आणणं सोडलं. संध्याकाळी ती जवळच्या कारखान्यांच्या मागच्या पडीक जागेवर जायची, पिशवीभर गवत मुळासकट आणायची आणि डब्यांत लावून पाणी घालायची. सकाळी हौसाबाई ते उपटायच्या आणि विचारायच्या, "करू का सुट्टी?"

"करा आई."

अक्षदाने एकदा बघितलं. "अगं, गवताला पाणी घालतेयस? वेडी झालीस का?" मग तिच्या लक्षात आलं आणि तिनेच पाण्याची बादली पुढे सरकवली. बायका दिवाळीसाठी कुंडीत काय लावू विचारायला आल्या, तर प्राची म्हणाली, "मला नाही सुचत गं काही." दसऱ्याला तिने झेंडू बाजारातून आणला.

दिवाळीनंतर एका सकाळी हौसाबाई डब्यासमोर बसल्या त्या बसूनच राहिल्या. खुरपं हातात होतं, गवत पुढ्यात होतं. ऊन पाण्याच्या टाकीवरून खाली उतरून त्यांच्या पाठीवर आलं, तरी हात हलेना.

प्राचीला वाटलं, थकल्या असतील. तिने त्यांचा हात आपल्या हातात घेतला, गवताचा एक झुबका धरायला लावला आणि दोघींनी मिळून ओढला. मुळं मातीसकट वर आली. हौसाबाई मुठीकडे बघत राहिल्या.

"ह्ये काय हाय?"

"गवत, आई."

"गवत म्हंजी?"

सासूबाईंच्या मुठीतून झुबका गळून पडला, आणि तो पडल्याचंही त्यांना कळलं नाही. त्यांनी सुट्टी मागितली नाही. दाराकडे बघितलं नाही. मांडीवर उताणे पडलेले ते हात आता कुणाचेही असू शकले असते.

तिने त्यांना एकेक पायरी धरून खाली नेलं, कॉटवर बसवलं, आणि एकटीच वर आली. सगळ्या डब्यांतलं गवत तिने उपटलं, माती झटकली आणि जुड्या करून कठड्याशी ठेवल्या. मग रिकाम्या डब्यांच्या मध्ये बसून राहिली. खालून साईनाथ हाका मारत होता. बऱ्याच वेळाने ती उठली, हात धुतले आणि आईंना भरवायची वेळ झाली म्हणून खाली गेली.