जबाबाच्या दोन ओळी

मित्रांनो, केस कापायच्या दुकानात मोठ्या आरशाशेजारी, पावडरच्या डब्यांच्या रांगेत जो काळा, जाडजूड डबा बसलेला दिसतो ना, तो मी. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी माझ्यासारखा कोणी चालताना पाहिलाही नसेल. माझ्या पोटात कॅसेट घालतात. कॅसेटमध्ये तपकिरी फीत असते. ती फिरली की गाणे ऐकू येते आणि फिरायची थांबली की मी नुसता डबा. एवढे कळले तरी माझी गोष्ट कळायला पुरे आहे.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझी चाके बसवली. तिच्या शेजारणीने त्यांच्यावर रबराचा बारीक पट्टा चढवला, बोटाने तो तारेसारखा छेडून पाहिला आणि ती म्हणाली, "हा गाणारा निघणार." मला ते शब्द अजून आठवतात. कौतुकाचा पहिला शब्द कोणीच विसरत नाही.

मला घरी नेले ते एका तरुण न्हाव्याने. त्याने नवे दुकान थाटले, तेव्हा आरशाच्याही आधी दुकानात मी आलो. लहानथोर सगळे त्याला दादा म्हणत. दादाचा हात हलका होता आणि कान त्याहून तयार होता. केस कापता कापता तो मधेच कात्री उचलून हवेत वाजवायचा, कच कच, कच कच, अगदी ड्रमच्या ठेक्यावर. संथ गाणे लागले की गिऱ्हाइकाचे केस सुरेख कापले जात. जलद गाणे लागले की जाणती गिऱ्हाइके गुपचूप कानांवर हात ठेवून बसत.

आमच्या दुकानात गाणी वाजत ती एकाच माणसाची. तो मोठा रॉक गायक होता, पण दादा आणि त्याचे दोघे मित्र त्याला बुवा म्हणत. कारण तो नुसता गात नसे. गिटार छेडत एखादी गोष्ट सांगायला लागे, लोकांना हसवी, रडवी, कानउघाडणी करी, आणि माणसे गोष्टीत पुरती गुंतली की त्यातूनच गाणे उसळून येई. त्या दोघा मित्रांपैकी एक बसचा कंडक्टर होता. दुसऱ्याचे समोरच्या रांगेत चष्म्यांचे दुकान होते. दुपारी गिऱ्हाईक नसले की तिघे मला मध्ये ठेवून बसत आणि देवघरात बसल्यासारखे ऐकत.

तरुणपणी एकदा बुवा आपल्या बँडसह गावात आला. तिघे गेले आणि दादाने मलाही नेऊन मांडीवर घेतले. ती संध्याकाळ मी माझ्या पोटात जशीच्या तशी भरून घेतली. शेवटच्या गाण्यात बुवाने विचारले, "कोण येतंय मागून, कोण येतंय?" हे गाणे तबकडीवरही होते, पण तबकडीवर पुढे नुसती गिटार वाजे. इथे मात्र बुवाच्या शेजारी उभ्या असलेल्या जोडीदाराने दोन ओळींत जबाब दिला आणि मग दोघांनी मिळून म्हटले, "पूल दिसेल, पूल दिसेल." सभागृह उभे राहिले. दादाच्या डोळ्यांतले पाणी माझ्या झाकणावर पडले. मी ओला झालो, पण माझी चाके अडखळली नाहीत.

पण मित्रांनो, केस कापायच्या दुकानात केस उडणारच. एका दुपारी कापलेल्या केसांचा पुंजका माझ्या आत शिरला, चाकांत अडकला आणि फितीचा तेवढाच तुकडा चुरगळून तुटला. नेमका जबाबाचा. दादाने खराब तुकडा कापून टाकला, दोन टोके चिकटपट्टीने जोडली आणि कॅसेट परत लावली. आता बुवा विचारायचा, "कोण येतंय मागून, कोण येतंय?" आणि दुसऱ्याच क्षणी, उडी मारल्यासारखे, "पूल दिसेल, पूल दिसेल."

दादा म्हणाला, "प्रश्न राहिला, जबाब गेला. चालायचंच."

चालले खरे. तिघांना त्या उडीची इतकी सवय झाली की ते गाणेही तसेच म्हणू लागले, उडी मारून. एवढी वर्षे गेली की ते दोन शब्द होते की दोन ओळी होत्या, हेही कोणाला धड आठवेना. लावायची ती आमचीच कॅसेट, असा तिघांचा हट्ट होता, आणि त्यांच्या मते गाणे तेच खरे होते.

पुढे फोन आले. खिशातच गाणी मावू लागली. मी आरशाशेजारी तसाच बसून राहिलो. गिऱ्हाइके माझ्यावर टोप्या ठेवू लागली. आत धूळ साचली, पट्टा सैलावत गेला. अधूनमधून दादा मला लावायचा, पण त्याचाही हात आता थकला होता. मग त्याच्या घशाचे दुखणे निघाले. उपचार झाले, जीव राहिला, आवाज गेला. दुकान त्याचा पुतण्या चालवू लागला आणि दादा मागच्या खोलीत पलंगाला खिळला. त्या खोलीचे दार माझ्या समोरच होते. तो मला बघायचा, मी त्याला. दोघेही गप्प.

अशात एके दिवशी कंडक्टर हातात एक कागद घेऊन आला. बुवा दौऱ्यावर निघाला होता. बँड नाही, ड्रम नाही, एकटाच. आदल्या वर्षी त्याचा जोडीदार वारला होता आणि बुवाने जाहीर केले होते की हा दौरा शेवटचा. मागच्या खोलीत, दादाच्या पायथ्याशी बसून दोघा मित्रांचा वाद सुरू झाला. जोडीदाराशिवाय बुवा म्हणजे काय, यावर आधी बरेच बोलणे झाले. मग कंडक्टर म्हणाला, "नुसती एक खुर्ची आणि एक गिटार. याला काय दौरा म्हणायचं? माणूस घरात बसतो तसं लोकांसमोर बसणं झालं."

चष्मेवाल्याचे म्हणणे असे की बुवाचा आवाज आता राहिलेला नाही, त्याने कुठेतरी ऐकले होते, अगदी चिरका झाला आहे. आठवणीतला बुवा बरा आहे, तो कशाला बिघडवायचा?

वहिनी म्हणजे दादाची बायको. ती कोपऱ्यात औषधाची बाटली हलवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आवाज गेला म्हणून माणूस टाकून देतात का, भावजी?"

चष्मेवाल्याने चष्मा काढून उगाच पुसला. कंडक्टरने पलंगाकडे पाहिले आणि पटकन नजर खाली घेतली.

दादाला जाणे शक्यच नव्हते. डॉक्टरांनी त्याला पलंगावरून उतरायलाही मनाई केली होती, आणि फार दिवस उरले नाहीत, हे वहिनीला एकटीला बाजूला घेऊन सांगितले होते. ते बोलणे माझ्यासमोरच झाले होते. दादा येणार नसेल तर आम्हीही जात नाही, असे कंडक्टर म्हणाला. तेव्हा दादाने हात उचलला, माझ्याकडे बोट केले आणि मग बाहेरच्या दाराकडे. सगळ्यांना कळले. मी जायचे, भरून घ्यायचे आणि घेऊन यायचे. बुवा त्याला पुन्हा एकदा ऐकायचा होता.

माझ्या जिवात जीव आला. चष्मेवाल्याने मला आपल्या दुकानात नेले आणि काचा पुसायच्या औषधाने असे लखलखीत केले की कंडक्टर म्हणाला, "याला आता नंबर लावून देणार की काय?" कोरी कॅसेट आली. जायच्या दिवशी त्यांनी दादाच्या पलंगावर ठेवून जुनी कॅसेट थोडा वेळ लावून दाखवली. मी गायलो. पण आवाज किंचित लहरला, पाण्यातल्या सावलीसारखा. दोघांना काही कळले नाही. दादाच्या कपाळावर मात्र आठी पडली. त्याने तर्जनी वर केली आणि हवेत गोल गोल फिरवली. पुन्हा फिरवली. मला कळले. पट्टा. पट्टा बदला, तो सैल झाला आहे.

कंडक्टर हसून म्हणाला, "निघतो रे बाबा, चाकं फिरवतो आमची, किती घाई करशील!" दादा बोट फिरवतच राहिला. वहिनीला वाटले, दमेल. तिने त्याचा हात मायेने धरला आणि चादरीखाली ठेवून दिला.

मला ओरडून सांगावेसे वाटले. पण माझ्या पोटात जे भरलेले असते तेवढेच मला बोलता येते.

सभागृहाच्या दारावर सगळ्यांचे फोन पिशव्यांत घालून बंद करत होते. बुवाची तशी अटच होती. मला पाहून दारवान हसला. "हे खेळणं असू द्या," म्हणाला. कंडक्टरने मला मांडीवर घेतले, तशीच माणसांची ऊब, तशीच गर्दी. पडदा सरकला. खुर्ची, गिटार आणि एक वाकलेला म्हातारा.

आवाज खरोखरच चिरका झाला होता. पण मित्रांनो, मी पुष्कळ आवाज पोटात घेतले आहेत, म्हणून सांगतो. पूर्वी तो आवाज लोकांना उठवून उभे करायचा, आता तो त्यांच्या शेजारी येऊन बसत होता. त्याने आपल्या जोडीदाराची गोष्ट सांगितली. दोघे एकाच खोलीत राहायचे आणि जोडीदाराला रात्री दाराची कडी लावायचा कंटाळा, म्हणून भांडायचे, एवढीच ती गोष्ट. लोक हसले आणि हसता हसता गप्प झाले. त्यातूनच शेवटचे गाणे निघाले.

"कोण येतंय मागून, कोण येतंय?"

बुवाने गिटार थांबवली. सगळे सभागृह स्तब्ध. आणि त्या शांततेत माझ्या डोक्यावरून दोन खणखणीत आवाज गेले, "पूल दिसेल, पूल दिसेल!" आमचे दोघे सवयीने उडी मारून पुढे गेले होते. लोक वळून बघू लागले. कंडक्टरचे कान लाल झाले. बुवाने हाताचा आडोसा करून आमच्या दिशेने पाहिले.

"तिकडच्या मंडळींना माझ्यापेक्षा घाई दिसते," तो म्हणाला. "थांबा जरा. आधी त्याचा जबाब ऐका."

आणि त्याने जोडीदाराच्या त्या दोन ओळी एकट्याने, जवळजवळ बोलल्यासारख्या म्हटल्या. चष्मेवाल्याने तोंडावर हात धरला. कंडक्टरने वाकून माझ्याकडे पाहिले. माझा लाल दिवा लागलेला होता. त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि मला छातीशी धरले.

दिवा लागलेला होता हे खरे. पण गर्दीच्या उकाड्यात माझा पट्टा केव्हाच ढिला पडून घसरला होता. चाके थांबली होती. बुवा गात होता आणि मी नुसता डबा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे दादाच्या खोलीत जमले. पुतण्याने दुकान थोडा वेळ बंद ठेवले. वहिनीने दादाला उशांना टेकवून बसवले. कंडक्टरने माझी कळ दाबली, पण काही वाजेना, म्हणून चष्मेवाल्याने मला उघडले. घसरलेला पट्टा चाकावर कसाबसा बसवून दाबून धरला, तेव्हा सुरुवातीच्या टाळ्या आल्या, बुवाचे पहिले दोन शब्द आले, मग आवाज जड होत होत, झोपेत बुडणाऱ्या माणसासारखा खाली गेला. त्यापुढे काहीच नाही. कॅसेट उलटून पाहिली, पुढे फिरवून पाहिली. काही नाही.

दादाने चादरीखालून हात काढला. तर्जनी वर केली आणि हळूच, गोल गोल फिरवली.

तेव्हा त्यांना कळले. कंडक्टर खाली जमिनीवरच बसला. "तू सांगत होतास," एवढेच म्हणाला आणि गुडघ्यात डोके घातले. चष्मेवाला माझे लखलखीत झाकण बोटाने पुसत राहिला, जणू डाग तिथेच होता.

वहिनी डोळे पुसून म्हणाली, "भावजी, तुम्ही ऐकून आलात ना? मग तुम्हीच म्हणा."

कंडक्टरने बसल्या जागेवरून सुरू केले. "कोण येतंय मागून, कोण येतंय?" आणि तो थांबला. या वेळी त्याने उडी मारली नाही. चष्मेवाल्याला गाण्याचा गळा नाही, पण जबाब त्यानेच दिला, बेसूर आणि सावकाश.

"तू पुढे हो, दार नुसतं लोटून घे.
वाट मला ठाऊक आहे, मी मागून येतो."

दादा दोघांकडे बघत राहिला. एवढी वर्षे प्रश्न ऐकला होता, जबाब आज आला. चादरीवर त्याची दोन बोटे कात्रीसारखी उघडली, मिटली, उघडली, मिटली. ठेका जरासुद्धा चुकला नव्हता. गाणे संपले तरी बोटे चालत होती. वहिनी त्या हाताकडे बघत होती. या वेळी तिने तो चादरीखाली ठेवला नाही.

त्याच आठवड्यात दादा गेला. जाताना त्याच्या खोलीचे दार नुसते लोटलेले होते.

नंतर कंडक्टरने कुठून कुठून शोधून माझ्यासाठी नवा पट्टा आणला. मी आता पूर्वीसारखा गातो. ज्याच्यासाठी गायचे, तो नाही. मित्रांनो, तुमच्या घरात जे जुने असेल, यंत्र असो की माणूस, त्याचे झाकण पुसून थांबू नका. उघडून आत बघा. आणि ज्याला बोलता येत नाही तो हात हलवत असेल, तर तो हात धरून खाली ठेवण्याआधी विचारा, काय हवंय? अंदाज करू नका. विचारा.

अजूनही एखाद्या दुपारी ते दोघे दुकानात येतात आणि जुनी कॅसेट लावतात. तीच, चिकटपट्टीची. बुवा विचारतो, "कोण येतंय मागून, कोण येतंय?" आणि उडी यायच्या आधी कंडक्टर माझी थांबायची कळ दाबतो. मग दोन म्हातारे आवाज त्या दोन ओळी म्हणतात. कळ पुन्हा सुटेपर्यंत मी गप्प राहतो आणि समोरच्या रिकाम्या खोलीकडे बघतो.