चढणीवरचा देव

आमच्या थोरल्या नातीचं, वैष्णवीचं लग्न झालं ते साल २०२३. वरातीत मी नाचलो, त्यामुळे माझे गुडघे अजून चांगले आहेत असा माझा समज झाला. म्हणून डिसेंबरात धाकटी नात प्रियांका म्हणाली, "आबा, सोमवारी पाच जणांना घेऊन घाट चढायचाय," तेव्हा मी लगेच म्हटलं, "मी येतो. वाट दाखवायला कोणी नको का?"

वाट तिला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. शहापूरकडून डोंगराडोंगरानं येऊन वैशाखरे गावावरून घाटावर जाणारी ही आठ दिवसांची वाट शहरातली माणसं हौसेनं चालतात. आमच्या भागातला एक दिवस प्रियांका त्यांच्यापुढं असते.

मला जायचं होतं ते पोश्यासाठी. पोश्या गावाबाहेरच्या कातकरीवाडीतला, माझ्याच वयाचा. दोन महिने खाटेवर होता. त्यानं अंगणातला लिंबाएवढा दगड माझ्या हातात दिला. "वरच्या देवाला ठेव माझ्या नावानं. मला नाय जमत आता."

दगड मी पिशवीत टाकला. पण तो देव मी केलेला होता.

विशीत आम्ही तांदूळ डोक्यावर घेऊन घाटावर विकायला न्यायचो. एकदा अर्ध्या चढणीवर माझे पाय लटपटायला लागले. मागं अनंता होता, आणि त्याच्या बहिणीशी माझं लग्न ठरत होतं. दमलो म्हणणं शक्य नव्हतं. मी गोणी उतरवली, तीन दगड एकावर एक रचले, वर डहाळी खोचली आणि म्हटलं, "इथं देव आहे. पाया पडल्याशिवाय पुढं जायचं नाय." सगळ्यांनी ओझी उतरवली. पोश्यानं सगळ्यांच्या आधी हात जोडले आणि सगळ्यांच्या शेवटी डोळे उघडले.

पुढं जो तो तिथं दगड ठेवू लागला. शेंदूर आला. पोश्याचा पोरगा संजू तापानं फणफणला तेव्हा पोश्या तिथंच नवस बोलला. संजू वाचला. मग पोश्या दरवर्षी नारळ घेऊन चढायचा आणि मी गप्प राहायचो. आता तो जाणार हे दिसत होतं. ठरवलं, दगड ठेवायचा आणि उतरल्यावर त्याला खरं सांगायचं.

सोमवारी उजाडताच निघालो. पहिल्या तासात मी पाहुण्यांना चालायचं कसं ते शिकवलं. दुसऱ्या तासात त्यांच्यातला ओमकार माझी पिशवी घेऊन चालत होता. तिसऱ्या तासात त्याची एक काठीही माझ्या हातात आली. या काठ्यांना मी सकाळी हसलो होतो.

"आबा, दमलात का?" प्रियांकानं विचारलं.

"नाय गो. झाडं बघतोय."

"अर्धा तास एकच झाड बघताय."

दुपारी देव आला. ढीग आता माझ्या छातीएवढा होता. शेजारी कोणीतरी फळी लावलेली: 'प्राचीन देवस्थान'. मी साठीनंतर प्रियांकाकडून अक्षरं शिकलो, त्यामुळे वाचायला मला वेळ लागतो. त्या दिवशी मी आणखी सावकाश वाचलं. तेवढाच श्वास खाली बसला.

"हा देव तीनशे वर्षं जुना आहे," प्रियांका पाहुण्यांना सांगत होती. "हो ना आबा?"

"असेल," मी म्हटलं आणि पोश्याचा दगड नीट बसवला. तिथं बसून भाकरी खाल्ली. जागा मात्र मी चांगली निवडली होती. सावली आहे, वारा आहे.

वरच्या गावात पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. पाहुणे तिथंच मुक्कामाला राहिले. मी माळशेजच्या रस्त्यानं एसटीत बसून खाली आलो आणि लंगडत थेट पोश्याकडं गेलो.

"ठेवला?" त्यानं विचारलं.

"ठेवला. पण पोश्या, तो देव खोटा आहे. मला दम लागला होता, म्हणून मी दगड रचले."

"ठाव हाय."

"कधीपासून?"

"तवापासून. तुझं तोंड पांढरं पडलेलं. मलाबी दम लागलेला. मी काय पाया पडत होतो? डोळं मिटून डुलकी काढली."

"मग दरवर्षी नारळ कशाला नेलास रे?"

"संजू वाचला ना? मग देव कोणी बसवला ते कशाला बघायचं?" तो हसला, मग खोकत राहिला. मी पाणी दिलं.

"आणि आजचा दगड?" मी विचारलं.

"मला तिथं एकदा बसायचं होतं, सावलीला. मी नाय तर दगड तरी बसला." मग माझ्या पायांकडं बघून म्हणाला, "तू कसा चढलास?"

"झाडं बघत."

"म्हंजे मेलास."

मी मेलो नाही. आठवडाभर जिना चढताना मात्र घरातल्यांनी मला मागून ढकललं.

पोश्या मंगळू वाघ गुरुवारी, १४ डिसेंबर २०२३ रोजी सकाळी आपल्या घरात वारला.