दाण्याचा गुण

भद्रावतीच्या कॉलनीत राहणाऱ्या करिष्मानं माहेरच्या भुऱ्या कुत्र्यासाठी पौष्टिक दाण्यांचं अख्खं पोतं पाठवलं. पण तिच्या आईच्या, शकुबाईच्या घरी बाहेरून आलेली कोणतीही चीज ऊन खाल्ल्याशिवाय कोणाच्या पोटात जात नसे, मग ती मोहफुलं असोत की धान. तिनं दाणे अंगणात पसरले अन् राखणीला भुऱ्यालाच बसवलं! भुऱ्यानं एकदा हुंगून तोंड फिरवलं. कोंबड्यांनी मात्र दुपारपर्यंत अंगण साफ केलं. शकुबाई रोज पसरायची, कोंबड्या रोज जेवायच्या अन् ढोलावानी फुगायच्या. अंडी तेवढी दिसेनात. शकुबाईनं महिनाभर मुंगसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

करिष्मा आली, तर भुऱ्याचं अंग तेल चोपडल्यासारखं चकाकत होतं.

"पाय आई, कसा चमकून राह्यला! हा पोत्यातल्या दान्याचा गुण हाय!"

तेवढ्यात भुऱ्या सरपणाच्या ढिगामागून जीभ फिरवत आला. त्याच्या नाकावर पिवळाधमक बलक होता अन् मिशीला अंड्याचं टरफल. शकुबाई कपाळावर हात मारून खदखदून हसली.

"गुण हाय माय, नाई कोन म्हनते? पर पयले कोंबडीच्या पोटात शिजवा लागते!"