शिवाजीनगरचा सर्वांत हळू घोडा

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे. घोडा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर उडती आयाळ, टापांखालची धूळ आणि पाठीवर तलवार उपसलेला कुणी शूर पुरुष येत असेल. इथे तसं काही नाही. मी बंगळुरातल्या शिवाजीनगरात अकरा वर्षं जटका ओढला. जटका म्हणजे आमच्याकडचा कमानदार छपराचा टांगा. त्या अकरा वर्षांत माझ्या पुढे सायकली गेल्या, बैलगाड्या गेल्या, एकदा तर अंत्ययात्राही गेली.

माझा जन्म आनेकलजवळच्या एका खेड्यात झाला. माझी आई नाचणीची पोती वाहायची. वडिलांना मी पाहिलं नाही, पण तेही पोतीच वाहत असावेत असं माझ्या पाठीवरून वाटतं. १९५४ साली हंबीरराव नावाच्या जटकेवाल्याने मला बाजारातून विकत घेतलं. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन वसलेलं. घरात मराठी, दारात कानडी आणि हातात लगाम आला की दोन्हींची खिचडी. माणूस मनाने लोण्यासारखा. सकाळी आधी माझा तोबरा भरायचे, मग स्वतःची कॉफी घ्यायचे. एकच खोड होती. थापा मारल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

"बसा अण्णा, स्वल्प घट्ट धरून बसा," ते गिऱ्हाइकाला सांगायचे. "ह्याचा बाप रेसकोर्सवर कप जिंकलेला. तुफान नाव आहे ह्याचं!"

गिऱ्हाईक दोन्ही हातांनी दांडा आवळून बसायचं. मग मी निघायचो. थोड्या वेळाने ते एक हात सोडायचं, मग दुसरा, आणि मग वर्तमानपत्र उघडून वाचायला लागायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

जटक्यांच्या स्टँडवर मला सगळे 'निधान' म्हणायचे. कानडीत निधान म्हणजे हळू. हंबीरराव चिडायचे, पण त्यांची बायको तानूबाई म्हणायची, "चिडता कशाला? मराठीत निधान म्हणजे ठेवा. त्यांना कानडीत म्हणू द्या, आपण मराठीत ऐकू."

मला चाहते नव्हते असं नाही. म्हातारी माणसं आणि दिवस भरत आलेल्या बायका मुद्दाम माझी वाट पाहायच्या. आणि यल्लव्वा अंडीवाली तर दर शुक्रवारी दोन टोपल्या घेऊन माझ्याच जटक्यातून चामराजपेटला जायची. "हंबीरण्णा," ती म्हणायची, "तुमच्या घोड्याच्या मागं बसलं की अंड्यांनाबी झोप लागती."

मग ऑटोरिक्षा वाढल्या. गुरुराज नावाच्या एका तरुणाने तर आपली रिक्षा थेट आमच्या स्टँडसमोर लावायला सुरुवात केली. "हंबीरण्णा, मी मार्केटला जाऊन परत येतो," तो ओरडायचा. "तोवर तुमचा तुफान तो कोपरा वळेल का?" लोक हसायचे आणि हसत हसत त्याच्याच रिक्षात बसायचे.

हंबीररावांचं जेवणावरून मन उडालं. एके दिवशी ते बाजारातून लाल तुरा, बावीस घुंगरं आणि एक चाबूक घेऊन आले. मी आल्यापासून त्या घरात आलेला तो पहिलाच चाबूक.

"हे कुणासाठी?" तानूबाईने विचारलं.

"जनावराला जरा तेज यायला."

"जनावर घोड्यासारखंच वागतंय. मोटार व्हायला तुम्ही निघालाय."

पण शुक्रवारी मला नवरदेवासारखं सजवून जुंपलं. यल्लव्वा मागे बसली. गुरुराजने शेजारून भोंगा वाजवला. हंबीररावांनी मला मारलं नाही, चाबूक नुसता हवेत फटकारला. पण त्यांचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता की मला वाटलं, ह्या माणसासाठी एकदा होऊन जाऊ दे तुफान.

मी पळालो. निदान पळणं त्यालाच म्हणत असावेत. तुरा डोळ्यावर आला, घुंगरं पायांत आली, आणि मार्केटच्या उतारावर थांबायचं कसं तेच मला आठवेना. शेवटी एका भाजीवालीच्या वांग्यांच्या ढिगाने मला थांबवलं. यल्लव्वा खाली उतरली. तिच्या कोपरांवरून पिवळा बलक ओघळत होता.

"अंडी घेऊन निघालो होतो," ती म्हणाली, "आम्लेट घेऊन पोचलो."

पुढच्या शुक्रवारी ती टोपली डोक्यावर घेऊन आमच्यासमोरून चालत गेली. आमच्याकडे तिने पाहिलंही नाही. चाबकाचा फटका कसा लागतो ते मला ठाऊक नाही, पण तो असाच लागत असावा.

महिनाभराने स्टँडवर एक चष्मेवाला तरुण आला. रत्नाकर त्याचं नाव. पुण्याहून तो शहराच्या उत्तर टोकाच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला आला होता. त्याने हिंदीत विचारलं, "सबसे धीमा घोडा किसका है?"

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग हशा पिकला आणि सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली.

हंबीरराव ताठ झाले. "साहेब, ह्यांचं काय ऐकता! ह्याचा बाप रेसकोर्सवर कप जिंकलेला. तुफान..."

"मराठी का तुम्ही! पण मग नको," रत्नाकर म्हणाला. "मला खरंच स्लो घोडा हवाय. इथल्या गल्लीतल्या कारागिराने दोन महिने खपून काचेचं एक यंत्र बनवलंय. नुसत्या नळ्या-नळ्या. आधीची दोन मी रिक्षातून नेताना फुटली. आता तिसरं फुटलं तर माझा प्रयोग गेलाच, आणि बहुतेक नोकरीसुद्धा." आणि तो जायला वळला.

सगळं स्टँड पाहत होतं. समोर रिक्षाला टेकून गुरुराजही पाहत होता. हंबीररावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्याला हाक मारली.

"साहेब, थांबा. ह्याच्या बापाचं मला काही ठाऊक नाही. ह्याची आई पोती वाहायची. उभ्या शिवाजीनगरात ह्याच्याइतका हळू घोडा नाही. ह्याच्या पुढे प्रेतसुद्धा जातं."

गंमत अशी की त्यावर कुणीच हसलं नाही.

तानूबाईने घरून दोन गोधड्या दिल्या. त्यांवर यंत्राची पेटी ठेवली, तुरा-घुंगरं उतरवली आणि आम्ही निघालो. वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं. थांबलो तेवढ्यात शेजारी गुरुराजची रिक्षा येऊन उभी राहिली.

"काय तुफान, फाटक उघडलं की एक शर्यत?"

फाटक उघडलं. भोंगे वाजू लागले, मागचा लॉरीवाला शिव्या देऊ लागला. झापडांच्या कडेतून मला दिसलं, हंबीररावांचा हात चाबकाकडे गेला होता. खरं सांगतो मित्रांनो, पळावंसं मलाही वाटलं. रत्नाकरने तर डोळेच मिटून घेतले.

हंबीररावांनी चाबूक उचलला, वाकले आणि तो गुरुराजच्या हातात दिला.

"हा घे, तम्मा, धाकट्या भावा. तुझ्या रिक्षाला मार. आम्ही आमच्या चालीनं जातो."

मग मी एकेक पाय मोजून टाकत रूळ ओलांडले. फाटकवाला ओरडत होता, कारण पाठोपाठ मालगाडी यायची वेळ झाली होती. आम्ही मालगाडीच्या आधी पलीकडे पोचलो, पण फार आधी नाही.

संस्थेत पोचायला आम्हाला अडीच तास लागले. रत्नाकरने पेटी उघडून प्रत्येक नळी उजेडाला धरून पाहिली. एकीलाही चरा नव्हता. मग तो माझ्यासमोर आला आणि त्याने वाकून मला नमस्कार केला. पुण्याचा माणूस, उगीच कुणापुढे वाकणाऱ्यातला नव्हता.

तेव्हापासून त्या संस्थेची सगळी काच आम्हीच वाहू लागलो. ते कळल्यावर यल्लव्वाही आली. टोपली ठेवण्याआधी तिने मला चारी बाजूंनी निरखलं आणि "सरी", म्हणजे ठीक आहे, असं म्हणून वर चढली. हंबीररावांनी जटक्याच्या मागे कानडीत आणि मराठीत पाटी लावली, 'सावकाश जाणारा घोडा. घाई असल्यास समोर रिक्षा आहे.' त्यामुळे गुरुराजचाही धंदा वाढला.

१९६५ साली माझे गुडघे गेले आणि संस्थेने व्हॅन घेतली. स्टँडवरचे माझे कितीतरी सोबती तेव्हा रस्त्यावर सोडले गेले. उकिरड्यावरचे कागद चघळताना मी त्यांना पाहिलंय. मला मात्र हंबीररावांनी आनेकलला मेहुण्याच्या, शिवाप्पाच्या मळ्यात आणून ठेवलं. दर रविवारी बसने ते येतात, खरारा करतात आणि आठवड्याभराच्या बातम्या सांगतात. त्यांतल्या बहुतेक खऱ्या असतात.

मित्रांनो, मी काही शूर नव्हतो, देखणा तर मुळीच नव्हतो. जी चाल मिळाली होती ती मी चाललो. ती सोडली तेव्हा माझी नि हंबीररावांची, दोघांचीही फजिती झाली, एवढंच मला कळलं. तुम्हाला कधी माझ्यासारखं थकलेलं जनावर रस्त्यात दिसलं, तर त्याला खडा मारू नका. सावलीत बादलीभर पाणी ठेवा. ते तुमच्यापर्यंत यायला वेळ लावेल. तेवढं मात्र थांबा.