सात क्रमांकाचा बिल्ला

मी सात क्रमांकाचा पितळी बिल्ला बोलतो आहे. एका मोडक्या नळाच्या पितळेतून ओताऱ्याने मला घडविले. प्रवाळांची मोजदाद करणाऱ्या संशोधकांच्या बोटीवर, शिडीसमोरच्या फळीवर माझा मुक्काम असतो.

फळीवर खिळ्यांच्या दोन ओळी आहेत. पाण्यात उतरणाऱ्याने आपला बिल्ला खालच्या ओळीत लावावा आणि परतल्यावर स्वतःच्या हाताने वर न्यावा. खालची ओळ रिकामी झाल्याखेरीज इंजिन सुरू होत नाही.

हौशी स्वयंसेवक मला कसाही अडकवीत. मग मावशी आल्या. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. भाचीसोबत मोजणीस आलेल्या. त्या मला पुसून, आकडा समोर ठेवून टांगीत.

"मावशी, बिल्ल्यालाही वर्गात उभं करता होय?" बोट चालविणारे काका चिडवीत.

"वाकडा उभा राहिला तर कान धरीन. तुमचासुद्धा!"

त्या दुपारी आभाळ एकाएकी काळवंडले. लाटा उसळू लागल्या. भाची वर आली. मागोमाग मावशींचा हात शिडीवर दिसला. "आलीच मावशी!" म्हणत तिने घाईघाईने मला वरच्या ओळीत अडकविले आणि ती दोर आवरावयास धावली.

तेवढ्यात मावशींनी शिडी सोडली. मोजपट्टी खालीच राहिली होती. त्या बोटीखाली शिरल्या, नेमक्या इंजिनाच्या पंख्याजवळून.

हे मी एकट्यानेच पाहिले. आणि मला वाचा नाही.

काकांनी फळीकडे नजर टाकली. खालची ओळ रिकामी होती. त्यांचा हात किल्लीवर गेला आणि तेथेच थबकला. माझी कोरी पाठ त्यांच्यासमोर होती.

"सात नंबर उलटा? हा मावशींचा हात नव्हे. कुठंयत त्या?"

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. काकांनी किल्ली उपसून खिशात घातली.

किती वेळाने कोण जाणे, पंख्याशेजारी बुडबुडे आले आणि पाठोपाठ मोजपट्टी धरलेला हात.

"अजून निघालो नाही? वादळाची वाट पाहताय की काय?" मावशींनी दरडावले. उत्तरादाखल भाचीला रडू कोसळले.

सारे समजल्यावर मावशी क्षणभर खाली बसल्या. मग भाचीला जवळ घेऊन म्हणाल्या, "तू घाई केलीस, खरं. पण शिडी मी सोडली. नियम आधी मी मोडला, बाळ."

त्या उठल्या. मला काढून खालच्या ओळीत लावले आणि मग आपल्या हाताने वर नेले. आकडा समोर.

आता माझा आकडा झिजला आहे, कडा हिरवट झाल्या आहेत. एवढेच मागणे आहे: एकमेकांवर माया जरूर करा, परंतु दुसऱ्याचा बिल्ला, तो माणूस डोळ्यांसमोर दिसत असला तरी, हलवू नका.